ज्याची खावी पोळी : उद्योग, विद्यापीठ आणि पीएच.डी.चा विद्यार्थी

(वाटूर, ता. परतूर, जि. जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



फलकावर आजचा विषय लिहिला आहे : ‘पीएच.डी. संशोधनासाठी उद्योग आणि विद्यापीठ यांचा संयुक्त निधी’. विषय जड वाटतो. संयोजकांनी तो फोनवर कळवला तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, अहो, हे पुण्या-मुंबईला शोभेल, वाटूरला कोण ऐकायला येणार? पण मघाशी फाट्यावर उतरलो, समोर कृषी सेवा केंद्राची पाटी दिसली, आणि आमचं म्हणणं आम्हीच मागे घेतलं.

आता बघा. तुम्ही जूनमध्ये त्या दुकानातून कपाशीच्या बियाण्याची बॅग आणता. त्या बॅगेत नुसती सरकी नसते. कुणीतरी पाच-सात वर्षं प्रयोगशाळेत आणि प्रक्षेत्रावर घालवलेली असतात, तीही त्या बॅगेत असतात. त्या माणसाचं त्या वर्षांत घर कसं चाललं? त्याला महिन्याला पैसे कोण देत होतं? सरकार, विद्यापीठ की कंपनी? आणि जो देत होता, त्याने बदल्यात काय मागितलं? आजचा विषय एवढाच आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे : ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. व्यवहारात ती खरी आहे. पण पीएच.डी. नावाचा जो प्रकार आहे, त्याचं सगळं ब्रीद या म्हणीच्या उलट आहे. पोळी कुणाचीही असो, टाळी वाजवायची ती जे खरं निघेल त्याची. मग कंपनीची पोळी खाऊन हे ब्रीद पाळता येतं का? गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत ते कुठे पाळलं गेलं, कुठे मोडलं, हे आज आपण बघू.

सुरुवात जर्मनीपासून करावी लागते. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंगांचे कारखाने वाढले. रंग करायचा तर रसायनशास्त्र हवं, आणि रसायनशास्त्र होतं विद्यापीठांत. १८८३ साली बायर कंपनीने नुकतीच डॉक्टरेट मिळवलेले तीन तरुण निवडले, त्यांना पैसे देऊन वर्षभर विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत काम करायला पाठवलं. त्यांतला एक कार्ल डुइसबर्ग. तो पुढे त्या कंपनीचा प्रमुख झाला. कारखानदाराला तेव्हा एक गोष्ट उमगली होती. तयार माल विकत घेता येतो, तसा तयार शास्त्रज्ञ नेहमी विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो, आणि तो घडतो विद्यापीठात.

अमेरिकेत या व्यवहाराला करारपत्राचं रूप आलं. कॅन्सस विद्यापीठात रॉबर्ट केनेडी डंकन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९०७ साली त्यांनी ‘औद्योगिक फेलोशिप’ सुरू केली. पहिली फेलोशिप कशावर होती? कपडे धुण्याच्या रसायनशास्त्रावर. हसू नका. लाँड्रीचा धंदा हा धंदाच आहे, आणि कापड का विरतं हा प्रश्न प्रश्नच आहे. व्यवस्था अशी होती : कंपनीने पैसा विद्यापीठाला द्यायचा. फेलो नेमायचा विद्यापीठाने. तो काम करणार विद्यापीठात. शोध लागला तर तो कंपनीचा, पण फेलोला त्यात वाटा. आणि शेवटी फेलोने सगळं काम लिहून काढायचं. त्याची एक प्रत विद्यापीठाच्या दप्तरात बंद राहणार, आणि तीन वर्षांनी ती छापायला विद्यापीठ मोकळं.

हे तीन वर्षांचं कुलूप लक्षात ठेवा. कुलूप आहे, पण त्याला तारीख आहे. पुढे आपल्याला याच्याकडे परत यायचंय.

आता आपल्या देशात येऊ. २०२३च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पीएच.डी.च्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना, पीएच.डी. करून ही पोरं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न विचारला गेला होता. विद्यार्थी चिडले, आणि ते स्वाभाविक होतं. आम्हांला मात्र तो प्रश्न ऐकून लाहोर आठवलं. कारण लाहोरच्या पोरांनी संशोधन करून खरोखर दिवे लावले होते.

त्याचं असं झालं. शांतिस्वरूप भटनागर तेव्हा लाहोरला पंजाब विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. रावळपिंडीकडे अटक ऑइल कंपनी तेलाच्या विहिरी खोदत होती. खोदताना भोकात चिखलाचं पाणी सोडतात. जमिनीतलं खारट पाणी लागलं की तो चिखल घट्ट व्हायचा आणि काम अडायचं. भटनागरांनी सांगितलं, त्यात आपला देशी डिंक मिसळा. मिसळला, आणि चिखल वाहता राहिला. तेलाच्या धंद्यातली लंडनची स्टील ब्रदर्स कंपनी इतकी खूश झाली की तिने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. साल १९३४. त्या काळचे दीड लाख म्हणजे काय, हे इथल्या ज्येष्ठ मंडळींना सांगायला नको.

भटनागरांनी काय केलं? ती रक्कम स्वतःकडे न घेता विद्यापीठाकडे द्यायला सांगितली. त्यातून लाहोरला पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला आणि संशोधक विद्यार्थ्यांना विद्यावृत्त्या मिळू लागल्या. त्या विभागात मेणाचा वास कसा घालवावा यावर काम झालं, तेलाच्या धंद्यातल्या टाकाऊ मालाचं काय करता येईल यावर झालं, आणि रॉकेलच्या दिव्याची ज्योत मोठी कशी करता येईल यावरही झालं! ज्या देशात वीज बोटांवर मोजण्याएवढ्या गावांत होती, त्या देशात हा केवढा मोठा प्रश्न होता. कंपनीलाही फायदा दिसला. तिने रक्कम वाढवली आणि पाच वर्षांची मुदत दहा वर्षांची केली. हेच भटनागर १९४२ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, पहिले प्रमुख.

या गोष्टीतला कळीचा मुद्दा भटनागरांची निःस्वार्थ वृत्ती हा आहेच, पण तेवढाच नाही. पैसा कुठून आला यापेक्षा तो कुठे थांबला, हे महत्त्वाचं. तो गाईडच्या खिशात थांबला असता तर विद्यार्थी गाईडचा नोकर झाला असता. तो कंपनीच्याच तिजोरीत राहून महिन्याच्या महिन्याला सुटत राहिला असता, तर विद्यार्थी कंपनीचा नोकर झाला असता. तो विद्यापीठाच्या खात्यात थांबला, म्हणून विद्यार्थी विद्यार्थीच राहिला.

लाहोरमध्ये हे घडत होतं त्याच सुमारास मुंबईत एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. मुंबई कापड गिरण्यांचं शहर. सूत आपलं, कापड आपलं, मजूर कोकण-घाटावरचे आपले. पण कापडाला लागणारा रंग परदेशी, आणि रंगाचं शास्त्र जाणणारा माणूसही बहुतेक परदेशीच. १९२१-२२ साली विश्वेश्वरय्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती मुंबई इलाख्यातल्या तांत्रिक शिक्षणाचा विचार करत होती. पुढे बराच काथ्याकूट होऊन १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. लोक त्याला ‘यूडीसीटी’ म्हणत. शाखा दोनच : वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. पहिले प्रमुख डॉ. फॉर्स्टर. १९३८ पासून डॉ. के. वेंकटरामन, हे पहिले भारतीय संचालक. १९४३ साली विभाग माटुंग्याला गेला आणि तिथेच वाढला.

या संस्थेची ठेवण बघा. विभाग विद्यापीठाचा, पदवी विद्यापीठाची. पण उभारणीत आणि पुढच्या वाढीत उद्योगधंद्यांच्या आणि दानशूर घराण्यांच्या देणग्यांचा हात मोठा. तिथल्या अध्यापकपदांना दात्यांची नावं आहेत, फेलोशिपना आहेत. दाते अनेक होते. रंगवाला, औषधवाला, गिरणीवाला, साबणवाला, असे सगळेच. आमच्या मते या संस्थेच्या यशाचं एक कारण इथे आहे. पोळी एकाच घरची नव्हती, म्हणून टाळी कुणा एकाची वाजवावी लागली नाही. माधुकरी मागणारा विद्यार्थी पाच घरं फिरायचा. त्यात कष्ट होते, पण कुठल्याही एका घराची मिंधेगिरी नव्हती.

वेंकटरामन यांच्या हाताखाली रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्राची एक पिढी तयार झाली. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. माटुंग्याला १९६४ साली मनमोहन शर्मा प्राध्यापक म्हणून आले, वय वर्षं सत्तावीस. त्यांनी उद्योगांना सल्ला देण्याचं काम जन्मभर केलं आणि मूलभूत संशोधनही केलं. १९९० साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांच्याकडे १९६९ साली पीएच.डी. पूर्ण करणारा एक विद्यार्थी म्हणजे रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावात जन्मलेला, गिरगावातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला मुलगा. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती नसती तर आपलं शिक्षण थांबलं असतं, असं माशेलकर स्वतः जाहीरपणे सांगत आले आहेत. साठ रुपये! आणि त्या साठ रुपयांच्या बदल्यात त्या मुलाने कुठल्या विषयावर काय लिहावं, अशी कसलीही अट नव्हती.

आता कुणी म्हणेल, सर, हे तर दान झालं. आजचा विषय दानाचा नाही, भागीदारीचा आहे. बरोबर. दान आणि भागीदारी यांतला फरक नीट समजून घेऊ. दानात देणारा निघून जातो. भागीदारीत देणारा बसून राहतो. तो खुर्ची टाकून बसतो, दर सहा महिन्यांनी अहवाल मागतो, विषय ठरवताना बोलतो. त्यात गैर काही नाही. उलट विद्यार्थ्याला खरा प्रश्न मिळतो. आमच्या काळात आम्ही पाहिलं आहे की कित्येक प्रबंध गाईड, विद्यार्थी आणि परीक्षक या तिघांपलीकडे चौथ्या माणसाने उघडलेले नसतात. कंपनीच्या माणसाला निदान उत्तर हवं असतं, ही मोठी गोष्ट आहे.

अशा भागीदारीला देशोदेशींच्या सरकारांनी चौकट दिली. डेन्मार्कमध्ये १९७० पासून, फ्रान्समध्ये १९८१ पासून. आपल्याकडे २०१२च्या सुमारास ‘प्रधानमंत्री डॉक्टरल संशोधन फेलोशिप’ नावाची योजना आली. केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आणि उद्योगांची संघटना सीआयआय यांनी मिळून ती चालवली. वर्षाला जास्तीत जास्त १०० विद्यार्थी; विद्यार्थ्याच्या विद्यावृत्तीचा अर्धा वाटा सरकारचा, अर्धा कंपनीचा. विद्यार्थी विद्यापीठाचा, प्रश्न दोघांच्या संमतीचा.

सरकारांना याची गरज का भासते? आपला देश एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, असा सरकारी आकडा आहे. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया चार टक्क्यांच्या वर. आणि आपल्याकडच्या त्या खर्चात खाजगी उद्योगांचा वाटा जेमतेम एकतृतीयांशाच्या थोडा वर. तिकडे तो बहुतांश असतो. म्हणून सरकार उद्योगांना म्हणतंय, हात सैल सोडा. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले; २०१९ साली त्यात सार्वजनिक विद्यापीठांतल्या वैज्ञानिक संशोधनाला दिलेला पैसाही धरला. २०२३ साली ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’चा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे, आणि त्यांतले बहुतांश सरकारबाहेरून यावेत, ही अपेक्षा. म्हणजे तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी येत्या काळात पीएच.डी.ला गेली, तर तिच्या समोर कंपनीचा करारनामा येण्याची शक्यता पूर्वीपेक्षा बरीच जास्त आहे.

आणि हे मुंबईलाच घडेल असं नाही. २०१८ साली माटुंग्याच्या त्याच संस्थेने, जिला आता रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणतात, आपलं मराठवाडा केंद्र कुठे काढलं? आपल्या जालन्यात. त्याच वर्षी दुसरं केंद्र भुवनेश्वरला निघालं, ते इंडियन ऑइल या कंपनीच्या सहकार्याने. जालन्याच्या केंद्रातल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने अधूनमधून उद्योगात जाऊन काम करायचं, अशी रचनाच आहे.

जालन्याला हे नवं नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून पुढे संकरित बाजरी, ज्वारी, कापूस. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली देशात बीटी कपाशीला मान्यता मिळाली ती याच कंपनीच्या वाणांना. एका जिल्ह्याच्या गावातून चाललेलं हे संशोधन आहे. ते लहान मानायचं कारण नाही.

त्याच कंपनीने बीटी वांग्याच्या बाबतीत कोइमतूर आणि धारवाड इथल्या कृषी विद्यापीठांशी भागीदारी केली. विद्यापीठांनी आपापल्या भागातल्या वाणांवर काम केलं. पुढे ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने त्या वांग्याला स्थगिती दिली. बीटी वांगं चांगलं की वाईट, यावर आज आम्ही बोलणार नाही. ते आमचं क्षेत्र नाही. पण त्या वादात गावोगावच्या सभांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला : ज्याला विकायचंय त्यानेच केलेल्या चाचणीवर विश्वास कसा ठेवायचा? या प्रश्नात विद्यापीठाचं खरं मोल दडलेलं आहे. विद्यापीठाचं नाव अहवालावर असलं की लोक विश्वास ठेवतात. कंपनीला प्रयोगशाळा स्वतःची बांधता येते. विश्वास बांधता येत नाही, म्हणून ती विद्यापीठाकडे येते. आणि विद्यापीठ जर पैशासाठी सगळ्या अटी मान्य करत गेलं, तर जे विकत घ्यायला कंपनी आली होती तेच उरत नाही. नुकसान दोघांचं होतं.

इथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती अभिमानाची नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका विद्यापीठाच्या तक्रार समितीवर होतो. तत्त्वज्ञानाचा माणूस अशा समितीवर घेतात, कारण त्याचं कुणाशी वाकडं नसतं. एक विद्यार्थी आला. कोरडवाहू घरातला, वडिलांची चार एकर. त्याच्या संशोधनाला निम्मे पैसे विद्यापीठाचे, निम्मे एका कंपनीचे. तीन वर्षं त्याने काम केलं. मग कंपनीत वरची माणसं बदलली, आणि तो विषय आता आमच्या कामाचा नाही म्हणून कंपनीने हात काढला. पैसे थांबले. ठीक, तेही सोसलं असतं. पण करारात एक कलम होतं : कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कोणतीही माहिती प्रसिद्ध करता येणार नाही. मुदत लिहिलेली नव्हती. कंपनी परवानगी नाकारत नव्हती आणि देतही नव्हती. पत्राला उत्तरच नाही. म्हणजे तीन वर्षांचं काम वहीत बंद, आणि प्रबंध सादर करता येईना.

समितीत आम्ही चौघे होतो. करार वाचला. सही विद्यार्थ्याची होती, गाईडची होती, विद्यापीठाची होती. एक जण म्हणाले, सही करताना वाचायला हवं होतं. आम्ही गप्प बसलो. इतिवृत्तात लिहिलं गेलं की करारातल्या तरतुदी पाहता समितीला हस्तक्षेप करता येत नाही. त्यावर आम्हीही सही केली. तो मुलगा उठताना एवढंच म्हणाला, “सर, वाचलं होतं हो. पण न सही करून कुठे जाणार होतो?”

त्याने पीएच.डी. सोडली. आज तालुक्याच्या गावी शिकवणीचे वर्ग घेतो असं ऐकतो. आम्ही चाळीस वर्षं मुलांना स्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवलं. कान्टचं १७९८ सालचं विद्याशाखांच्या झगड्यावरचं लिखाण शिकवलं. धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक या विद्याशाखा सरकारच्या उपयोगाच्या, म्हणून सरकार त्यांना आज्ञा करू शकतं. पण विद्यापीठात एक तरी शाखा अशी हवी की जिला खरं काय एवढंच विचारायची मोकळीक आहे, असं त्याचं म्हणणं. हे आम्ही फळ्यावर अनेकदा लिहिलं. आणि ज्या दिवशी ते वापरायची वेळ आली, त्या दिवशी आम्ही कलम वाचलं आणि सही केली. ज्याची खावी पोळी... त्या समितीच्या भत्त्याची पोळी आम्हीही खाल्ली होती.

म्हणून डंकनच्या त्या तीन वर्षांच्या कुलपाची गोष्ट आम्ही सुरुवातीला सांगितली. १९०७ सालच्या, उद्योगाला चांगला धार्जिणा असलेल्या माणसालाही कळत होतं की कुलूप हवं तर त्याला तारीख हवी. कंपनीला पेटंट घ्यायचं असतं, स्पर्धकाच्या आधी बाजारात यायचं असतं, हे समजू शकतं. त्यासाठी सहा महिने घ्या, वर्ष घ्या. पण तारीख लिहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असायला हवी आणि प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’वर जायला हवी. म्हणजे उघडपणा हा त्या पदवीचाच भाग आहे. बिनमुदतीचं कुलूप ज्या करारात आहे, तो करार पीएच.डी.चा नाही, मजुरीचा आहे. मग मजुरी तरी पुरी द्या.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो खास वाटूरचा आहे.

तुमच्या शिवारात कपाशी आहे, सोयाबीन आहे आणि तूर आहे. संकरित कपाशीचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं. तुरीचं तसं नाही. चांगलं वाण मिळालं की शेतकरी घरचं बी राखून ठेवतो. आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. पैसे कुठे लावाल? जिथे गिऱ्हाईक दरवर्षी परत येतं तिथे. यात दुष्टपणा नाही, हिशोब आहे. मग तुरीच्या मर रोगावर, वांझ रोगावर कुणी काम केलं? आपल्याच जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ते केंद्र. ‘बीडीएन ७११’ मधलं ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूर. ‘बीएसएमआर’ या नावातलं पहिलं अक्षरही बदनापूरचंच. ती तूर सरकारी पैशावर, म्हणजे तुमच्याआमच्या पैशावर उभी राहिली. तिच्या मागे कुठली कंपनी नव्हती, कारण तिच्यात दरवर्षीची विक्री नव्हती.

म्हणजे भागीदारीची रीत कितीही चांगली केली, करार कितीही स्वच्छ लिहिला, तरी काही प्रश्न असे राहतात की त्यांना भागीदारच मिळत नाही. कोरडवाहू शेतीचे बहुतेक प्रश्न तसे आहेत. विहिरीच्या पाण्याचे आहेत. आणि अहो, तत्त्वज्ञानाचे तर आहेतच. आमच्या विषयाला कुठली कंपनी निम्मे पैसे देणार? सरकारने जर उद्या म्हटलं की आता उद्योग देतायत, तेव्हा आम्ही हात आखडता घेतो, तर पहिली उपासमार या प्रश्नांची होईल.

यावर एक रस्ता महाराष्ट्रानेच दाखवला आहे. १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला एक संशोधन संस्था काढली, जिला आता वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणतात. सभासद कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे ठराविक वर्गणी देतात. तो पैसा शेवटी ऊस उत्पादकाचाच. म्हणजे ज्याचा प्रश्न, त्याचाच पैसा, आणि घरं एक नव्हे, कितीतरी. पुन्हा माधुकरीच, पण या वेळी घरं शेतकऱ्यांची. उसाला हे जमलं, कारण ऊस कारखान्याच्या काट्यावर येतो आणि कपात करता येते. तुरीला, सोयाबीनला असं काही का करता येऊ नये? इथे शेतकरी उत्पादक कंपन्यांची मंडळी बसली असतील. तुम्ही दहा-वीस कंपन्यांनी मिळून परभणीच्या विद्यापीठाशी करार केला, निम्मे तुमचे आणि निम्मे विद्यापीठाचे, तर एका विद्यार्थ्याचा चार वर्षांचा खर्च फार नाही. आज जेआरएफ फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे. त्याच्या निम्म्याला वीस कंपन्यांनी भागा. कंपनीमागे महिन्याला हजाराच्याही आत येतं. मग तो विद्यार्थी तुमच्या प्रश्नावर काम करेल. आणि उत्तर तुमच्या मनाविरुद्ध निघालं तरी ते छापायचं, हे मात्र तुम्हांलाही मान्य करावं लागेल. पोळी घालणारा शेतकरी झाला म्हणून म्हण बदलत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात कुणी संशोधनाकडे निघालंय, त्यांनी करार पुढे आला की तीन गोष्टी विचाराव्यात. तुम्ही सातबारा वाचता, खरेदीखत वाचता. हेही वाचता येतं. एक, पैसा कुणाच्या हातातून येणार : विद्यापीठाच्या खात्यातून की कंपनीच्या मर्जीतून? दोन, कुलूप किती दिवसांचं, तारीख लिहिली आहे का? तीन, कंपनी मधेच उठून गेली तर उरलेली वर्षं पोराला कोण सांभाळणार, आणि तोवरचं काम कुणाचं? या तिन्हींची उत्तरं कागदावर असतील तर बेलाशक सही करा. कंपनीचा पैसा विटाळत नाही. लाहोरला नाही विटाळला, माटुंग्याला नाही विटाळला.

आणि उत्तरं नसतील, तर त्या पोराला एकट्याने नाही म्हणायला लावू नका. एकटा तो नाही म्हणू शकत नाही. हे आम्हांला त्या समितीच्या टेबलावर कळलं, आणि उशिरा कळलं. नाही म्हणायचं काम विद्यापीठाचं आहे, गाईडचं आहे, आमच्यासारख्या समितीवर बसणाऱ्यांचं आहे. त्यांना ते करायला लावणं हे तुमचं.

पुष्कळ बोललो. मागच्या रांगेतले दोघे मघापासून वहीत काहीतरी लिहितायत; त्यांचे प्रश्न आधी घेऊ.